थोरला दांडा, धाकटा दांडा

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्याला गॅरेजांची जी रांग आहे, तिच्यात पाटी नसलेलं एकच गॅरेज आहे, ते सुपडू मिस्त्रीचं. पाटी त्यानं कधी लावली नाही. ज्याचा गिअरबॉक्स बिघडलाय तो माणूस पाट्या वाचत बसत नाही, विचारत विचारत येतो, असं त्याचं म्हणणं. आणि लोक येतही. सुपडू लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा की तिसऱ्या गिअरचा दाता गेलाय किंवा मागचं बेअरिंग फुटलंय. उघडल्यावर तसंच निघायचं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि इतरांनाही ठाऊक असावं एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. माफक म्हणजे दिवसातून दोन-तीनदा कुणीतरी तसं बोलून दाखवावं इतकी.

लग्न झालं तेव्हा तो दुसऱ्याच्या गॅरेजात हाताखाली होता. सासरे तोताराम आबा चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी बोरखेडी गावचे. जमीन कोरडवाहू, चढउताराची, वाटेत चार नाले. बैलगाडी अर्ध्या वाटेत दम टाकायची आणि ट्रॅक्टर पावसाळाभर कुठे ना कुठे रुतलेला असायचा. शेवटी आबांनी लष्कराच्या लिलावातून निघालेला एक जुना फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रक घेतला. हिरवा, नाकाड, चारही चाकांत जोर असलेला. सगळे त्याला वनटन म्हणत. वनटन गावात आला आणि आठवड्याच्या आत त्याच्या गिअरबॉक्सनं राम म्हटला. आबांनी नव्या जावयाला निरोप धाडला. सुपडू आला, तीन दिवस ट्रकखाली उताणा पडून राहिला आणि चौथ्या दिवशी ट्रक कापूस भरून डोंगरावरून खाली उतरला.

त्या चौथ्या दिवशी सुपडू त्या घरचा झाला. आबांना दोन मुलीच, मुलगा नाही. सासू लताबाई, जिला सगळं गाव अक्का म्हणतं, तिनं त्या दिवसापासून त्याला अरे-तुरे सुरू केलं. जावयाला अरे-तुरे करणारी सासू खानदेशात शोधूनही सापडायची नाही. जावई म्हटला की अहो-जाहो, पुढ्यात पाट, पाण्याचा तांब्या. सुपडूला मात्र ती चुलीपासूनच हाक मारायची, ‘सुपडू, भाकर खाई ले.’ या ‘ले’साठी तो धुळ्याहून नव्वद किलोमीटर मोटारसायकल हाणत यायचा, आणि कारण सांगायचा ट्रकचं तेल बदलायचं आहे.

ट्रकही त्यानं मुलासारखा सांभाळला. त्याचा गिअरबॉक्स तीनदा उघडून पुन्हा बांधला, मालेगावच्या भंगारातून एकेक दातेरी चाक शोधून आणलं. वनटनला दोन दांडे होते. एक मोठा, नेहमीच्या गिअरचा. त्याच्या शेजारी एक बुटका, जोर दोन चाकांना द्यायचा की चारही, हे ठरवणारा. आबा त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. धाकट्याला मध्ये एक मोकळी जागा होती. तिथं ठेवला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंधच तुटायचा. तसा न ठेवता ट्रक उभा केला तर सकाळी तो धाकटा अडकून बसायचा, हलता हलायचा नाही. म्हणून सुपडूनं आबांना सवय लावली होती की गाडी थांबली की आधी धाकटा मध्ये घ्यायचा, मग हँडब्रेक ओढायचा. सव्वीस वर्षं आबांचा हात आपोआप तसाच जात आला होता. सुपडू शेजारी बसलेला असला की त्या हाताकडे बघून त्याला बरं वाटायचं.

मग घरात दुसरा जावई आला. सुपडूच्या बायकोची, सुनंदाबाईची, धाकटी बहीण ज्योत्स्ना जळगावच्या प्रेमराजला दिली. प्रेमराजचं घर मेहरूणला आणि वर्कशॉप एमआयडीसीत. धंदा तोच, गाड्यांचा, पण सुपडूला तो धंदा तोच आहे हे कधीच मान्य झालं नाही. प्रेमराज जुन्या जीपा नव्यासारख्या करायचा, हौशी लोकांना विकायचा आणि त्याचे व्हिडिओ टाकायचा. त्याच्या वर्कशॉपला काचेचं दार होतं आणि त्याची नखं स्वच्छ होती. नखांचं सुपडूला फार लागलं होतं. ज्याची नखं पांढरी तो कसला मिस्त्री, असं तो सुनंदाबाईला निदान शंभरदा म्हणाला असेल. त्यावर तिचं एकच उत्तर असायचं, की साबण लावला की निघतं ते.

खरं सांगायचं तर प्रेमराज वाईट माणूस नव्हता. भेटला की वाकून नमस्कार करायचा, ‘भाऊ, भाऊ’ करत मागे फिरायचा, गिअरचं काही अडलं की विचारायचा. पण मत्सराला समोरच्याचा चांगुलपणा सोसत नाही. प्रेमराज विचारायचा तेव्हा सुपडूला वाटायचं, हा परीक्षा बघतोय. नाही विचारलं की वाटायचं, बघा, आता गरज उरली नाही.

गेल्या वर्षी आबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पाय सरळ झाला, पण डॉक्टरांनी बजावलं की जड क्लच पुन्हा दाबायचा नाही. वनटनचा क्लच म्हणजे दोन माणसांनी मिळून दाबावा असा. आबांचं तोंड उतरलं. गाडी विका म्हणणारे गावात खूप निघाले. सुपडू म्हणाला की मी क्लचला मदतीचा सिलिंडर लावून देतो, थोडा हलका होईल, बघू. हे ‘बघू’ चार महिने चाललं. त्याला वाटत होतं, ट्रक कुठे पळून जातोय.

ट्रक जळगावला गेला. हे सुपडूला कुणी सांगितलं नाही, त्यानं ते मोबाईलवर पाहिलं. ज्योत्स्नानं फोटो टाकला होता. वर्कशॉपच्या चकचकीत फरशीवर वनटनचा जुना गिअरबॉक्स उपडा पडलेला आणि शेजारी पांढऱ्या नखांचा प्रेमराज हसत उभा. सुपडूनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. झाकणाच्या कडेला त्यानं स्वतः छिन्नीनं मारलेल्या तीन खुणा होत्या, उघडल्या-बांधल्याच्या. त्या दिवशी तो जेवला नाही. सुनंदाबाईनं विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय. मग आबांना फोन लावला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून दिला, कारण आबा आपणहून सांगतील असं त्याला वाटलं होतं आणि आबा विसरले होते.

प्रेमराजनं केलं होतं ते असं. मुंबईच्या भंगार बाजारातून एका मोठ्या परदेशी गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला होता, चार गिअरचा. त्यातला चौथा ओव्हरड्राइव्हचा. म्हणजे गाडी सडकेवर वेगात आली की चाकं पळत राहतात आणि इंजिन मात्र निवांत होतं, डिझेल वाचतं, कानाला त्रास नाही. क्लच नाहीच. थोरल्या दांड्याच्या जागी नुसता पुढे-मागे सरकवायचा दांडा, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं. चारही चाकांना जोर देणारा डबाही त्या गिअरबॉक्सला जोडूनच आलेला होता, म्हणून जुना काढून टाकला. धाकटा दांडा तेवढा राहिला, नव्या डब्याला जोडलेला, नव्या मुठीचा, आणि मधली मोकळी जागा त्यालाही होती.

या सगळ्याला चार महिने लागले आणि तेवढ्यात अधिक महिना लागला. तीन वर्षांनी येणारा हा महिना आमच्याकडे धोंड्याचा. जावयाला बोलवायचं, टिळा लावायचा, ताटात तेहतीस अनारसे घालायचे. टिळा आधी थोरल्याला, मग धाकट्याला. आबांनी दोन्ही जावयांना एकाच दिवशी बोलावलं. फोनवर ते सुपडूला म्हणाले की ये, गाडी बघशील तर वेडा होशील. वेडा तर तो आधीच झाला होता.

मे महिना, ऊन चव्वेचाळीसच्या वर. सुपडू आणि सुनंदाबाई सकाळीच धुळ्याहून निघाले आणि नऊच्या सुमारास बोरखेडीला पोचले. प्रेमराजचं कुटुंब आदल्या दिवशीच आलं होतं, हे पण सुपडूच्या ध्यानात आलं. अंगण मोठं, टोकाच्या कडुनिंबाच्या झाडाकडे जरा उतरतं. सुपडूनं मोटारसायकल निंबाच्या सावलीत लावली आणि मग वर बघितलं. वनटन उभा होता. नवा हिरवा रंग, दिवे पुसलेले, टायर काळेभोर. आबा त्याच्याभोवती काठी न घेता फिरत होते.

आबांनी पाणी प्यायलाही वेळ दिला नाही. चला म्हणाले. पुढे त्यांच्या शेजारी एकच माणूस नीट बसायचा, आणि त्या जागेवर प्रेमराज आधीच बसला होता. उठून त्यानं भाऊ तुम्ही या म्हटलं, पण आबा म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे, तू सांगत जा माले.’ सुपडू मागच्या हौद्यात उभा राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो या ट्रकच्या हौद्यात उभा राहिला होता, कापसाच्या गाठोड्याच्या जागी.

ट्रक निघाला तो झटका न देता. नाल्यात उतरला, दगडांवरून चढला, कुठे कुरकुर नाही. सुपडूनं हौद्याच्या फळीवर तळहात दाबून धरला आणि कान लावला. तो आवाज शोधत होता. एखादा दाता, एखादं बेअरिंग, काहीतरी चुकलेलं. आयुष्यभर लोकांच्या गाडीतला दोष काढून टाकायला त्यानं कान लावला होता, आज नुसता दोष सापडावा म्हणून लावत होता. सापडला नाही. डांबरी सडक लागली, वेग वाढला आणि मग हलकेच, कुणी झोपलेल्या लेकरावर पांघरूण टाकावं तसा, चौथा गिअर पडला. इंजिनाची धाप थांबली आणि नुसती गुणगुण उरली. हा ट्रक असा चालू शकतो हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं मनातल्या मनात दाद दिली आणि लगेच परत घेतली.

पुढून आबांचा आवाज आला. ते मोठ्यानं हसत होते. ‘प्रेमराज, आते डावा पायले काहीच काम नही.’ सुपडूला त्या हसण्याचा राग आला. आपण चार महिने ‘बघू’ म्हणत बसलो हे त्याला आठवलं नाही असं नाही, पण त्याचाही राग त्यानं प्रेमराजवरच काढला.

घरी आल्यावर आबांनी ट्रक अंगणात आणला, निंबाकडे तोंड करून उभा केला. सुपडू खाली उतरून दाराशी उभा होता म्हणून त्याला आतलं दिसलं. आबांनी मोठा दांडा पुढे ढकलून ‘पी’वर, म्हणजे पार्किंगच्या खुणेवर नेला. मग त्यांचा हात आपोआप धाकट्यावर गेला आणि त्यांनी तो मध्ये घेतला. सुपडूचं मन क्षणभर सुखावलं. एवढं सगळं बदललं तरी हाताला सवय आपली आहे. मग आबांचा हात हँडब्रेककडे गेला आणि रिकामाच परत आला. हँडब्रेकचा दांडा नव्हताच. त्याच्या जागी पत्र्यावर रबराचा गोल तुकडा चिकटवला होता.

त्यानं प्रेमराजला सहज विचारल्यासारखं विचारलं. प्रेमराज म्हणाला की जुन्या डब्याच्या शेपटीलाच हँडब्रेकचा ड्रम होता, तो डब्याबरोबर गेला. पुढच्या खेपेला केबल टाकून देतो, पण तशी घाई नाही, ‘पी’ लावला की गिअरबॉक्स आतून कुलूप होतो, गाडी तसूभर हलत नाही.

सुपडूनं वाकून खाली नजर टाकली आणि त्याला सगळं एका दमात कळलं. ‘पी’नं कुलूप लागतं ते गिअरबॉक्सला. धाकटा मध्ये घेतला की गिअरबॉक्सचा आणि चाकांचा संबंध सुटतो. पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप लावायचं आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, तसला प्रकार. ट्रक आत्ता उभा होता तो कुलपामुळे नव्हे. अंगणातून सांडपाण्याची एक उथळ नाली जात होती, तिच्यात पुढची चाकं बसली होती, एवढंच. प्रेमराजनं जळगावात हजार वेळा ‘पी’ लावून पाहिला असेल, पण त्याच्या गिऱ्हाइकांत धाकटा दांडा मध्ये घेणारा कुणी नव्हता. ती सवय जगात एकट्या आबांना होती, आणि लावली होती सुपडूनं.

तो बोलायला तोंड उघडणार होता. खरंच उघडणार होता. तेवढ्यात आबांनी प्रेमराजच्या खांद्यावर हात टाकला आणि गल्लीतून जाणाऱ्या कुणाला तरी ओरडून सांगितलं की हा माझा जावई, यानं मला पाय परत दिला. 

आता सांगायचं नाही, असं त्यानं ठरवलं. म्हणजे सांगायचंच, पण पंगतीत. बारा वाजता दोन्ही जावई पाटावर बसतील, भाऊबंद, शेजारीपाजारी, चोपड्याचे मामा, सगळे असतील. प्रेमराजचं कौतुक ऐन रंगात आलं की आपण घास खाली ठेवायचा आणि शांतपणे म्हणायचं, आबा, गाडी छान झाली, पण जरा खाली बघून या, ती कशावर उभी आहे. मग सगळे जातील, बघतील. प्रेमराजचे कान लाल होतील. त्याला ते कान दिसूसुद्धा लागले. दोन तासांनी असं काय बिघडतंय.

सुपडू निष्काळजी माणूस नव्हता. ट्रकच्या थेट पुढे, उताराला, निंबाखाली स्वतःची मोटारसायकल उभी आहे हे त्याच्या लक्षात आलं. तो गेला, तिचं स्टँड काढलं, ढकलत नेली आणि कडेला भिंतीशी लावली. मग ओट्यावर येऊन बसला आणि पंगतीतलं वाक्य मनाशी घोळवू लागला. ‘छान झाली’ म्हणावं की ‘झकास झाली’, यावर त्याचा बराच वेळ गेला.

मोटारसायकल निघाली आणि निंबाखालची सावली मोकळी झाली. घरात चुलीपाशी नुसता भडका. अक्कानं चटई उचलली, कापसाचं टोपलं घेतलं आणि त्या मोकळ्या सावलीत येऊन बसली. पूजेच्या तेहतीस दिव्यांच्या वाती वळायच्या राहिल्या होत्या. सुपडूनं तिला बसताना पाहिलं. तो ओट्यावरून अर्धा उठला. अक्का, तिथं बसू नको, एवढंच म्हणायचं होतं. पण मग का म्हणून कुणी विचारलं असतं, आणि पंगतीतलं वाक्य फुकट गेलं असतं. नालीत चाक चांगलं बसलंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. अक्कानं मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘तुनी गाडी काढी लिधी ते बरं जयं रे सुपडू. माले सावली भेटनी.’ तो हसला.

अकराच्या सुमारास जेवणाची माणसं येऊ लागली. गावातली पाच-सात धडधाकट माणसं नवा ट्रक बघायला अंगणात शिरली. कुणीतरी मोबाईल काढला. सगळे हौद्यात चढले, हात वर करून फोटो काढले, एकानं हौद्यात पाय आपटून पत्रा किती जाड आहे ते पाहिलं, मग एकामागून एक धपाधप खाली उड्या मारल्या. ट्रक पुढेमागे डुलला. शेवटच्या उडीसरशी पुढची चाकं नालीतून वर आली आणि थांबली नाहीत.

आवाज काहीच झाला नाही. इंजिन बंद, माणूस आत नाही आणि एवढं मोठं हिरवं धूड सावकाश निंबाकडे निघालं. अक्काची पाठ ट्रककडे होती. सुपडूला मात्र ओट्यावरून सगळं दिसत होतं, आणि तोच एकटा होता ज्याला काय होतंय हे कळायला वेळ लागला नाही. तो उडी मारून धावला. चप्पल एक ओट्यावर, एक नालीत. दाराचा दांडा धरून लटकला, आत शिरला आणि दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. ट्रक कण्हला आणि थांबला. अक्कानं मागे वळून पाहिलं तेव्हा बंपर तिच्या डोक्यापासून हातभर लांब होता. तिच्या मांडीवरच्या वाती जमिनीवर पसरल्या होत्या.

मग कल्लोळ झाला. ज्योत्स्ना आईला मिठी मारून रडू लागली. माणसांनी चाकांना दगड लावले. प्रेमराज गाडीखाली घुसला, बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा होता. त्यानं धाकटा दांडा पाहिला, आबांकडे पाहिलं आणि जमिनीवर बसला. माझी चूक, माझी चूक, एवढंच तो म्हणत राहिला. आबा त्याच्यावर कडाडले. तो जावई झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा कडाडले. सगळ्यांसमोर म्हणाले की दिखाऊ काम ते दिखाऊच, माझी बायको गेली असती आज. मग सुपडूच्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, ‘गाडी तुनीच शे. आते तुना बगर कोणी हात लावाना नही.’

चार महिने सुपडू ज्या वाक्यासाठी तळमळला होता ते वाक्य त्याला मिळालं होतं, आणि तेही भर अंगणात. तो किल्ली खिशात घालून आत आला. हातपाय धुतले. 

पंगत बसली. टिळा आधी त्याला लागला. आबा प्रत्येक येणाऱ्याला गोष्ट पुन्हा सांगत होते आणि प्रत्येक वेळी सुपडूची उडी हातभर लांब होत होती. शेजारच्या पाटावर प्रेमराज मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते, अगदी सुपडूनं मनात पाहिले होते तसे. सुपडूनं त्या कानांकडे बघितलं आणि हातातला घास तसाच धरून राहिला.

सुनंदाबाई वाढत वाढत त्याच्यापाशी आली. वरण वाढायला वाकली आणि त्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, ‘तुम्हीन मोटारसायकल तठून कसाले काढी व्हती?’

‘ऊन लागी राहिंतं,’ तो म्हणाला.

‘तठे त सावली व्हती.’

ती पुढे गेली नाही. वरणाचं भांडं हातात धरून तशीच वाकलेली राहिली. बाहेर भिंतीशी मोटारसायकल रणरणत्या उन्हात उभी होती, सीट तापून हात लावू नये अशी. सव्वीस वर्षांच्या संसारात या बाईला काय काय कळतं याचा सुपडूनं कधी विचार केला नव्हता. खोटं बोलायला त्याच्याकडे आणखी एक-दोन वाक्यं होती.  त्यानं घास ताटात ठेवला.

‘माले मालूम व्हतं, आबा,’ तो म्हणाला. ‘सकायपासून.’

आबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी काय म्हणून विचारलं. मग सुपडूला सगळं सांगावं लागलं, धाकट्या दांड्याचं, नालीचं, मोटारसायकलीचं. पंगतीत बोलायचं म्हणून थांबलो होतो, हेही सांगितलं, कारण ते न सांगता बाकीचं कुणाला पटलंच नसतं. तो बोलत होता तोवर कुणी जेवत नव्हतं. चोपड्याच्या मामांच्या हातातला पापड तसाच राहिला.

प्रेमराजनं मान वर केली. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, ‘मंग माले सांगं का नही, भाऊ?’

 सुपडूला उत्तर माहीत होतं, आणि आता ते पंगतीतल्या प्रत्येकाला माहीत झालं होतं. त्यानं खिशातून किल्ली काढून आबांच्या पाटाशी ठेवली. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडे बघत बसले.

कुणीतरी पाणी मागितलं, कुणी मीठ. हळूहळू पंगत पुन्हा हलू लागली, पण आवाज भांड्यांचेच होते. स्वयंपाकघरातून अक्का अनारशांचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं दारातून सगळं ऐकलं होतं. तिच्या केसांत निंबाची दोन वाळकी पानं अजून अडकलेली होती. सुपडूला वाटलं, आता ती शिव्या देईल. सव्वीस वर्षांत तिनं त्याला पुष्कळ शिव्या दिल्या होत्या, उशीर झाला म्हणून, उपाशी गेला म्हणून, आणि त्यातली एकही त्याला टोचली नव्हती. त्यानं मान खाली घातली आणि वाट पाहिली.

अक्का त्याच्या पाटापुढे थांबली. तिनं पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला, जसा ती परक्या पाहुण्यापुढे ओढायची. ताटात तेहतीस अनारसे होते, एकही कमी नव्हता. ते तिनं दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरलं.

‘ल्या, जावाईबापू,’ ती म्हणाली.